मोटर कधी सुरू, कधी बंद: अवस्था बदलत चालणाऱ्या यंत्रणांचं गणित

नागपुरातल्या कुठल्याही फ्लॅट स्कीमची गच्ची घ्या. वर टाकी, खाली संप, मध्ये पाइप आणि मोटर. टाकीतलं पाणी सलग बदलतं: ६०० लिटर, ५९९.९, ५९९.८. मोटर मात्र सलग बदलत नाही. ती एकतर सुरू असते, नाहीतर बंद. एकाच यंत्रणेत हे दोन प्रकारचे बदल एकत्र नांदत असले, की तिला हायब्रिड सिस्टिम किंवा स्विच होणारी यंत्रणा म्हणतात. फ्रिज, एसी, इन्व्हर्टर, मेट्रोच्या मोटरला वीज देणारा कन्व्हर्टर, तलावाचा सांडवा ही सगळी याच घराण्यातली.

अशा यंत्रणेत प्रत्येक अवस्था वेगळी तपासली आणि ती बिनचूक निघाली, तरी काम संपत नाही. अवस्था कधी बदलते, कुठल्या आकड्यावर बदलते आणि किती वेळा बदलते, हे वेगळं तपासावं लागतं. बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो.

टाकीपासूनच सुरुवात करू. टाकी १००० लिटरची. मोटर मिनिटाला ४० लिटर चढवते, घरांमधला वापर मिनिटाला १० लिटर. मोटर सुरू असताना पातळी मिनिटाला ३० लिटरने वाढते, बंद असताना १० लिटरने घटते. बदलाच्या दराची ही दोन साधी समीकरणं म्हणजे आपल्या दोन अवस्था, म्हणजेच दोन मोड. आता मोड बदलण्याचा नियम: पातळी ३०० ला आली की मोटर सुरू, ९०० ला पोहोचली की बंद.

या क्षणी टाकीत ६०० लिटर पाणी आहे. दहा मिनिटांनी किती असेल? मोटर सुरू असेल तर ९००, बंद असेल तर ५००. म्हणजे नुसती पातळी कळून पुढचं सांगता येत नाही. यंत्रणेची पूर्ण स्थिती ही जोडी आहे: पातळी आणि मोड. मोड ही यंत्रणेची आठवण असते. वॉटर लेव्हल कंट्रोलरमध्ये स्टीलच्या तीन दांड्या सोडतात, एक कॉमन, एक खालच्या पातळीची, एक वरच्या पातळीची. खालची दांडी कोरडी पडली की रिले (मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) ओढला जातो आणि पाणी वरच्या दांडीला लागेपर्यंत होल्डिंग कॉन्टॅक्ट त्याला धरून ठेवतो. ही आठवण त्या कॉन्टॅक्टमध्ये राहते. तो कॉन्टॅक्ट खराब झाला, की पाणी खालच्या दांडीला टेकताच मोटर बंद पडते, थोडं पाणी उतरलं की पुन्हा सुरू होते. पाहणाऱ्याला वाटतं मोटर बिघडली. प्रत्यक्षात यंत्रणा आपला मोड विसरलेली असते.

३०० आणि ९०० यांतल्या अंतराला पट्टा म्हणू. इथे तो ६०० लिटरचा. भरायला ६०० ÷ ३० = २० मिनिटं, रिकामं व्हायला ६०० ÷ १० = ६० मिनिटं. पूर्ण चक्र ८० मिनिटांचं, म्हणजे वापर दिवसभर सारखाच धरला तर २४ तासांत मोटर १८ वेळा सुरू होईल. पट्टा २० लिटरचा केला तर? भरायला ४० सेकंद, उतरायला २ मिनिटं, चक्र १६० सेकंदांचं आणि दिवसाला ५४० वेळा मोटर सुरू. इंडक्शन मोटर थेट लाइनवर सुरू करताना सुरुवातीचा करंट नेहमीच्या करंटच्या पाच ते सातपट असतो. हा प्रत्येक धक्का वाइंडिंग तापवतो, आणि दोन धक्क्यांमध्ये ती उष्णता निघून जायला वेळ मिळाला नाही तर इन्सुलेशन जळतं. काँटॅक्टरचे पॉइंट तर त्याआधीच काळे पडतात.

सूत्राने मांडायचं तर, पंपाचा दर प, वापर व आणि पट्टा ट असेल, तर

चक्राचा काळ = ट × प ÷ (व × (प − व))

वापर पंपाच्या दराच्या बरोबर निम्मा असतो, तेव्हा हा काळ सगळ्यात कमी होतो: ४ × ट ÷ प. आपल्या टाकीत वापर मिनिटाला २० लिटर झाला तर चक्र ६० मिनिटांचं. वापर आणखी वाढून ३० झाला, तर चक्र पुन्हा ८० मिनिटांवर जातं, कारण आता मोटर जास्त वेळ सलग चालते. पंपिंग स्टेशनची विहीर किती मोठी ठेवायची, हे इंजिनिअर याच सूत्राच्या आधारे ठरवतात: मोटर तासाला किती वेळा सुरू झालेली चालेल ते आधी ठरवायचं आणि मग पट्ट्याचं आकारमान काढायचं.

याच सूत्राच्या पोटात आणखी एक गोष्ट दडली आहे. मोटर एकूण वेळेच्या किती भाग चालते? व ÷ प, म्हणजे १० ÷ ४० = २५ टक्के. यात पट्टा कुठेच नाही. पट्टा मोठा असो की छोटा, सरासरी तीच राहते, फक्त चालू-बंदची संख्या बदलते. वीज वाचेल म्हणून पट्टा कमी करण्यात अर्थ नसतो तो यासाठी.

पट्टा शून्यच केला तर? ६०० च्या खाली गेलं की सुरू, वर गेलं की बंद. कागदावर मोटर क्षणात असंख्य वेळा चालू-बंद होते आणि पातळी ६०० वर चिकटून बसते. याला चॅटरिंग म्हणतात. अशा तुटक समीकरणांना अर्थ कसा द्यायचा, हा प्रश्न सोव्हिएत गणिती अलेक्सेय फिलिपोव यांनी १९६० च्या सुमारास नीट सोडवला. त्यांची कल्पना अशी: सीमेवर दोन्ही वेगांची अशी सरासरी घ्या की यंत्रणा सीमेवरच राहील. ०.२५ × ३० आणि ०.७५ × (−१०) यांची बेरीज शून्य. तोच २५ टक्क्यांचा आकडा पुन्हा आला. सेकंदाला हजारो वेळा स्विच होणाऱ्या कन्व्हर्टरचं गणित करताना हीच सरासरी वापरतात. प्रत्येक चालू-बंद मोजत बसायची गरज पडत नाही.

प्रत्यक्षात शून्य पट्टा टिकत नाही, कारण प्रत्येक सेन्सर थोडा उशिरा बोलतो. रिले १ मिनिट उशिरा ओढला गेला, तर वर ३० लिटर आणि खाली १० लिटर जास्तीचं जातं. पट्टा नसूनही ४० लिटरचा पट्टा आपोआप तयार होतो आणि चक्र ५ मिनिटं २० सेकंदांचं होतं. उलट बाजूने, पडणाऱ्या धारेमुळे टाकीत लाटा उठतात आणि अरुंद पट्ट्यात फ्लोट स्विच त्या लाटांवरच नाचू लागतो. उपाय दोन: इनलेट फ्लोटपासून दूर घ्यायचा, किंवा फ्लोट खालून उघड्या असलेल्या उभ्या पाइपात ठेवायचा, म्हणजे त्याला फक्त पातळी कळते, लाट कळत नाही.

संपचा विचार न करता वरच्या टाकीचंच गणित मांडणं ही नेहमीची चूक. संप रिकामा झाला तर मोटर बंद व्हायलाच हवी, नाहीतर ती कोरडी फिरते आणि मेकॅनिकल सील जळतं. म्हणून तिसरा मोड येतो: वर पाणी हवं आहे, पण खाली नाही. हा मोड बहुतेक ठिकाणी एकाच सेन्सरवर चालवतात. मग काय होतं? नळाचं पाणी मिनिटाला १५ लिटरने संपात येत असेल आणि मोटर ४० लिटरने उपसत असेल, तर मोटर सेन्सरच्या खाली पाणी नेते आणि थांबते. पाणी दोन बोटं वर येतं, मोटर सुरू, लगेच बंद. वरच्या टाकीला ६०० लिटरचा पट्टा देऊन जे टाळलं, ते खालच्या संपात परत आलं. मोड बदलणाऱ्या प्रत्येक अटीला स्वतःचा पट्टा लागतो.

आता एसी. टाकीत दर स्थिर होते, इथे ते तापमानाप्रमाणे बदलतात. नवतप्यात बाहेर ४५ अंश आहे. एसी बंद केला की खोली ४५ कडे सरकू लागते, पण फरक कमी होत जातो तसा तिचा वेगही मंदावतो. समजा खोली अशी आहे, की ६० मिनिटांत हा फरक मूळच्या ३७ टक्क्यांवर येतो. एसी सलग चालवला तर तो बाहेरच्यापेक्षा ३० अंश खाली नेऊ शकतो, म्हणजे १५ अंशांकडे. थर्मोस्टॅट २७ ला सुरू, २५ ला बंद. गणित करून पाहिलं की २५ वरून २७ वर जायला ६.३ मिनिटं लागतात आणि परत २५ वर यायला १०.९ मिनिटं. कॉम्प्रेसर ६३ टक्के वेळ चालतो. बाहेर ३५ अंश असते, तर हेच आकडे १३.४ आणि ५.७ मिनिटं झाले असते आणि कॉम्प्रेसर फक्त ३० टक्के वेळ चालला असता.

फिल्टर धुळीने भरला आणि एसीची ताकद ३० अंशांवरून २० वर आली, तर? बाहेर ४५ असताना खोली २५ कडे सरकत राहते, पण २५ ला कधीच टेकत नाही. मोड बदलण्याची अट पूर्णच होत नाही आणि कॉम्प्रेसर अखंड चालतो. थर्मोस्टॅट निर्दोष, कॉम्प्रेसर निर्दोष, तरी यंत्रणा एका मोडमध्ये अडकलेली. अशा वेळी थर्मोस्टॅट बदलून काही होत नाही. फिल्टर आणि बाहेरची कॉइल धुवायची, आणि तोपर्यंत सेटिंग दोन अंशांनी वर करायचं, म्हणजे अट पुन्हा आवाक्यात येते.

एसीमध्ये आणखी एक नियम असतो: कॉम्प्रेसर एकदा बंद झाला की साधारण ३ मिनिटं तो पुन्हा सुरू होऊ द्यायचा नाही. बंद झाल्यावर गॅसचा दाब दोन्ही बाजूंनी सारखा व्हायला वेळ लागतो, त्याआधी सुरू केला तर मोटर दाबाविरुद्ध अडते आणि ओव्हरलोड पडतो. लाईन जाऊन लगेच आली की एसी काही वेळ गप्प असतो, तो या नियमामुळे. एका मोडमध्ये किमान इतका वेळ थांबायचंच, या अटीला ड्वेल टाइम म्हणतात. आपण तिला किमान मुक्काम म्हणू.

किमान मुक्काम फक्त यंत्र वाचवण्यासाठी नसतो. कधी कधी यंत्रणा स्थिर राहील की नाही, हेच त्यावर ठरतं. या विषयातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट इथे येते, म्हणून थोडं थांबून पाहू.

दोन मोड घ्या. दोन्हींत क्ष आणि य अशा दोन राशी फिरत फिरत शून्याकडे येतात.

पहिला मोड: क्षचा दर = −०.१ क्ष + य, यचा दर = −२ क्ष − ०.१ य
दुसरा मोड: क्षचा दर = −०.१ क्ष + २ य, यचा दर = −क्ष − ०.१ य

पहिल्या मोडमध्ये मार्ग उभट लंबवर्तुळासारखा, दुसऱ्यात आडव्या लंबवर्तुळासारखा, आणि दोन्हींत प्रत्येक फेरीनंतर आकार मूळच्या ६४ टक्के उरतो. म्हणजे दोन्ही मोड एकेकटे स्थिर. आता क्ष-अक्षावर, शून्यापासून १ अंतरावर सुरुवात करा आणि पहिला मोड पाव फेरीपुरता चालवा. उभट मार्ग यंत्रणेला य-अक्षावर घेऊन जातो. घर्षण (समीकरणांतला −०.१ चा भाग) नसतं तर अंतर १.४१ झालं असतं, पण पाव फेरीत ते ०.८९५ पट घटतं, म्हणून १.२७ उरतं. बरोबर इथे दुसऱ्या मोडवर या. आता आडवा मार्ग आपल्याला पुन्हा बाहेर फेकतो आणि अंतर १.६० होतं. पुन्हा पहिला मोड, पुन्हा दुसरा. पूर्ण फेरीनंतर १ चे २.५७ झालेले असतात. दोन स्थिर मोड एकमेकांत बदलत राहिले आणि मिळून यंत्रणा फुटली.

मोड तेच ठेवून नेमक्या उलट क्षणी बदललं, म्हणजे क्ष-अक्षावर दुसरा मोड आणि य-अक्षावर पहिला, तर पाव फेरीत अंतर ०.६३ पट होतं आणि पूर्ण फेरीत फक्त १६ टक्के उरतं. कुठल्याही एका मोडपेक्षा कितीतरी लवकर. मोटर ड्राइव्हमध्ये कमी वेगासाठी एक आणि जास्त वेगासाठी दुसरी अशी गेनची (चूक दिसली की किती जोराने दुरुस्ती करायची त्या आकड्यांची) दोन कोष्टकं असतात, तेव्हा दोन्ही वेगवेगळी तपासून पुरत नाही, ते याचमुळे. वेग सीमेवर रेंगाळला की कोष्टकं पटापट बदलतात आणि कंप वाढू लागतात.

यातून सुटायचे दोन रस्ते आहेत. पहिला किमान मुक्कामाचा. वरच्या उदाहरणात मोड बदलल्यामुळे अंतर फार तर १.४१ पट वाढू शकतं. प्रत्येक मोडमध्ये साडेतीन सेकंद काढले, तर घट त्या वाढीला मागे टाकते, मग क्रम कुठलाही असो. हे साडेतीन येतात १.४१ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमला ०.१ ने भागून: ३.४७. प्रत्येक मुक्काम लांबच हवा असंही नाही, सरासरी मुक्काम पुरेसा असला तरी भागतं. ही गोष्ट हेस्पान्हा आणि मोर्स यांनी १९९९ मध्ये दाखवली. दुसरा रस्ता अलेक्सांद्र ल्यापुनोव यांच्या १८९२ च्या कामातून येतो: सगळ्या मोडमध्ये घटत जाईल अशी एकच मोजराशी शोधायची. ती सापडली तर कितीही वेगाने मोड बदला, धोका नाही. वरच्या दोन मोडसाठी अशी राशी असूच शकत नाही, कारण फुटणारा क्रम आपण आत्ताच पाहिला.

मोड बदलणारा नेहमी कंट्रोलरच असतो असं नाही. नागपूरच्या अंबाझरी तलावाची पातळी सांडव्याच्या माथ्याखाली असते तोवर सांडव्यावरून जाणारं पाणी शून्य. माथा ओलांडला की प्रवाह माथ्यावरच्या पाण्याच्या उंचीच्या दीड घातात वाढतो. माथ्यावर १० सेंटिमीटरऐवजी २० सेंटिमीटर पाणी असेल, तर प्रवाह दुप्पट होत नाही, २.८ पट होतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पावसात अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तलावाचं मॉडेल करताना माथ्याची उंची ही मोड बदलण्याची अट असते. ती मोजण्यात पाच सेंटिमीटरची चूक झाली, तर पूर येण्याची वेळही चुकते.

मोड नशिबानेही बदलतो. लाईन जाणं हा असा बदल. समजा लाईन गेली की ती सरासरी ३० मिनिटांनी येते आणि परत येण्याची शक्यता दर मिनिटाला सारखीच असते. टाकी ३०० वर असताना लाईन गेली, तर ३० मिनिटांत टाकी कोरडी. लाईन ३० मिनिटांहून जास्त वेळ गेलेली असण्याची शक्यता ३७ टक्के. ही शक्यता ५ टक्क्यांवर आणायची तर ९० मिनिटांचं पाणी राखायला हवं, म्हणजे खालची पातळी ९०० लिटर. त्यावर ६०० चा पट्टा ठेवायचा तर टाकी १५०० लिटरची लागेल. देखभालीसाठी जाहीर करून घेतलेल्या शटडाउनला हे गणित लावू नये. तिथे कालावधी आधीच माहीत असतो, तो सरळ धरावा.

हे सगळं कॉम्प्युटरवर चालवताना एक सापळा असतो. पट्टा ५९० ते ६१० ठेवा आणि प्रोग्रॅमला एका मिनिटाची पायरी द्या. मोटर सुरू होते, एका पायरीत पातळी ६२० होते, मग ६१०, ६००, ५९०, आणि पुन्हा सुरू. प्रोग्रॅम म्हणतो चक्र ४ मिनिटांचं, दिवसाला ३६० वेळा. खरं उत्तर ५४० आहे. पायरीच्या मध्येच सीमा ओलांडली गेली आणि प्रोग्रॅमला ती दिसली नाही. उपाय असा: पायरीच्या आधी आणि नंतर आपण सीमेच्या कुठल्या बाजूला आहोत ते तपासायचं. बाजू बदलली असेल तर पायरी अर्धी करायची, मग ज्या अर्ध्या भागात सीमा आहे तो पुन्हा अर्धा. दहा वेळा असं केलं की मिनिटाचे ०.०६ सेकंद होतात. त्या क्षणी मोड बदलायचा आणि पुढे जायचं. एका ठिकाणी मात्र हेही अडकतं. १ मीटरवरून सोडलेला चेंडू प्रत्येक उसळीत ८० टक्के वेग राखत असेल, तर गणिताने तो साधारण ४.१ सेकंदांत अनंत वेळा उसळतो आणि प्रोग्रॅम तो क्षण ओलांडतच नाही. अशा वेळी उसळी ठरावीक उंचीच्या खाली गेली की चेंडू थांबला असं प्रोग्रॅमला सांगावं लागतं.

मॉडेलला लागणारे आकडे मिळवायला फ्लोमीटर लागत नाही. मोटर कधी सुरू झाली आणि कधी बंद झाली, एवढ्याच वेळा वहीत लिहा. पट्टा माहीत आहे: ६०० लिटर. बंद काळाने भागलं की वापर मिळतो, सुरू काळाने भागलं की पंप वजा वापर मिळतो, दोन्हींची बेरीज केली की पंपाचा दर. मध्यरात्रीनंतर कोणी पाणी वापरत नसताना ६०० लिटर १० तासांच्या गतीने उतरत असतील, तर मिनिटाला १ लिटर गळतं आहे, दिवसाला १४४० लिटर. फ्लशची टाकी आणि गच्चीवरचे जॉइंट आधी बघा. बंद काळ तोच आहे आणि सुरू काळ मात्र २० मिनिटांवरून ३० वर गेला, तर पंप आता मिनिटाला ३० लिटरच चढवतो आहे. संपवरची मोटर असेल तर फूट व्हॉल्व्ह आणि इंपेलर तपासा. बोअरवरची असेल आणि महिना मे असेल, तर आधी पाण्याची पातळी किती खाली गेली आहे ते मोजा, मग मोटर वर काढा.